त्रेचाळीस इंची गणवेश

“त्यात काय मोठंसं! एक टोक इकडे, एक टोक तिकडे. मी चाळीस वर्षं टोकं जोडण्याचाच तर धंदा करतोय!”

हे वाक्य कॉलरमास्तरांनी गुरुवारी सकाळी चहा पिता पिता उच्चारलं. त्यांच्या बायकोनं, म्हणजे मास्तरीणबाईंनी, नुसतं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि कपबशा उचलल्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली की काही वाक्यांचा वास लांबूनच येतो. ‘त्यात काय मोठंसं’ हे मास्तर याआधी पाण्याच्या पंपाबद्दल म्हणाले होते, तेव्हा चार दिवस शेजाऱ्यांकडून बादल्या आणाव्या लागल्या होत्या.

मास्तरांचं खरं नाव आता फक्त विजेच्या बिलावर उरलं होतं. बाकी जगासाठी ते कॉलरमास्तर. कारण त्यांची उभी कॉलर! आत बकरमचं कडक अस्तर, वर दोन टिपा, सुरकुती औषधालासुद्धा नाही. माणूस वाकेल, पण मास्तरांची कॉलर वाकणार नाही. घालणाऱ्याची मान जरा आखडायची, हे खरं. पण तशी कुणी तक्रार केलीच तर मास्तर म्हणायचे, “मान ताठ राहावी म्हणूनच तर कॉलर असते!” मग तो बिचारा मान न हलवता घरी जायचा.

तर झालं असं, की मोठ्या इस्पितळाला एकशे वीस परिचारिकांसाठी नवे गणवेश शिवून हवे होते. हे काम मिळालं तर मास्तरांचं दुकान वर्षभर निवांत चालणार होतं. नाही मिळालं तर काज करणारी आणि बटणं लावणारी, या दोघींना ‘उद्यापासून येऊ नका’ म्हणायची पाळी येणार होती. दोघी पंधरा वर्षं दुकानात बसत होत्या. ते वाक्य कोणत्या तोंडानं म्हणायचं, या विचारानं मास्तरांना आठ दिवस जेवण गोड लागत नव्हतं.

आणि त्यातच बातमी आली, की कोपऱ्यावरच्या फॅशनवाल्यानं आपले नमुने भल्या मोठ्या पडद्यावर दाखवले! इस्पितळाच्या मेट्रनबाई म्हणे खूश झाल्या! आज संध्याकाळी पाच वाजता त्या मास्तरांकडे यायच्या होत्या.

“आपणही पडदा दाखवू,” मास्तर म्हणाले. “टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे, फोटो आहेत. फक्त जोडायचंय.”

टीव्ही नवा होता. तो घेताना मास्तरांनी दुकानदाराशी तासभर भांडण केलं होतं, कारण त्रेचाळीस इंची म्हणून विकलेला टीव्ही टेप लावल्यावर जेमतेम सदतीस भरला. दुकानदार म्हणाला, तिरका मोजतात. “तिरका? उद्या मी गिऱ्हाइकाची छाती तिरकी मोजू?” असं विचारून मास्तरांनी भांडण जिंकलं, पण इंच काही वाढले नाहीत. कॉम्प्युटर मात्र जुना, मुलीचा. ती नोकरीला परगावी गेली तेव्हा मागे ठेवून गेलेला. त्याच्या पाठीतून निळ्या डोक्याची एक जाडजूड वायर निघत होती.

दुपारी दोन वाजता मास्तरांनी दुकानामागच्या मधल्या खोलीत मोहीम उघडली. टीव्ही भिंतीला इतका चिकटून बसवलेला, की मागे हात जायचा, पण डोकं जायचं नाही. मास्तर गाल भिंतीला लावून चाचपू लागले.

“काजं बरीच आहेत गं! गोल आहेत, चपटी आहेत, एक तर नुसतंच भोक आहे.”

“आपलं बटण कसं आहे?”

“पंधरा टाचण्यांचं! तीन ओळीत. थांब, सापडलं! पंधरा भोकं!”

निळं डोकं आत गेलं. म्हणजे अर्धं गेलं. उरलेलं अर्धं भिंतीमुळे तिरकं होऊन बाहेरच राहिलं. मास्तरांनी जोर लावला, भिंतीचा पोपडा पडला, वायर जैसे थे.

“अर्धंच बसलं हो,” मास्तरीणबाई खालून डोकावून म्हणाल्या.

“असू दे. थोडं मार्जिन बाहेर राहिलेलं बरं!”

टीव्ही लावला. पडदा काळा. त्यावर इकडून तिकडे एक पाटी फिरत होती, की सिग्नल नाही. मग बाईंनी रिमोट घेतला आणि मास्तरांनी वायर धरली. बाई एक बटण दाबून ‘नाही आलं’ म्हणायच्या, की मास्तर निळं डोकं जरा उपटून पुन्हा खुपसायचे. तोवर बाईंनी पुढचं बटण दाबलेलं असायचं. समोरासमोर आलेली दोन सभ्य माणसं एकमेकांना वाट देताना दर वेळी एकाच बाजूला सरतात ना, तसं अर्धा तास चाललं होतं.

“आता तू हलू नकोस! मी हलतो!”

“मग मघाशी मी हलत होते तेव्हा तुम्ही का हललात?”

“तू हलतेस हे मला कसं कळणार? मी भिंतीकडे तोंड करून उभा आहे!”

शेवटी मुलीला फोन लावला.

“बाबा, आधी सांगा, स्क्रीनवर काय दिसतंय?”

“अंधार.”

“कुठल्या स्क्रीनवर?”

“दोन्ही!”

“दोन्ही कसं? कॉम्प्युटरच्या मॉनिटरवर तरी दिसेल ना?”

“मॉनिटरची वायर काढूनच तर टीव्हीला लावली!”

मग तिनं समजावून सांगितलं, की कॉम्प्युटर जे चित्र पाठवतोय ते बहुधा टीव्हीच्या मापात बसत नाही, म्हणून टीव्ही ते घेतच नाही. कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये जाऊन माप बदला.

माप म्हटल्यावर मास्तरांना धीर आला. पण माप बदलायचं तर ते दिसायला हवं, दिसायला हवं तर वायर मॉनिटरला हवी, आणि वायर मॉनिटरला लावली की सगळं छान दिसायचं, म्हणजे बदलण्यासारखं काही उरायचंच नाही! टीव्हीला लावलं की अंधार. मास्तरांची अवस्था त्या पेशंटसारखी झाली, ज्याचं दवाखान्यात गेलं की दुखणं थांबतं आणि घरी आलं की सुरू होतं. वायर सहा वेळा इकडून तिकडे झाली. प्रत्येक वेळी निळं डोकं टीव्हीत अर्धंच बसायचं.

साडेचारला चमत्कार झाला. टीव्ही उजळला!

“आलं! आलं!” मास्तर ओरडले. काजवाली आणि बटणवाली पुढच्या दुकानातून धावत आल्या. आणि चौघंही पडद्याकडे बघू लागले.

फोटो आला होता. शिंप्याच्या बिनडोक्याच्या पुतळ्यावर चढवलेला नवा गणवेश, आणि त्याची बाही नीट दिसावी म्हणून ती धरलेला मास्तरीणबाईंचा हात. पण दुधी पांढरा गणवेश तळ्याच्या पाण्यासारखा हिरवट निळा दिसत होता. हातही हिरवट निळा. आणि चित्र चारही बाजूंनी कापलेलं! खाली गुडघ्याजवळची पट्टी गायब. वर गणवेश बरोबर गळ्यापाशी येऊन टीव्हीच्या काठाला टेकला होता, आणि त्याच्यावर जी उभी राहायला हवी होती, ती मास्तरांची चाळीस वर्षांची पुण्याई, ती कॉलर टीव्हीच्या बाहेर कुठेतरी हवेत गेली होती.

“दोन दोन बोटं शिलाईत दाबली यानं!” मास्तर कपाळावर हात मारून म्हणाले. “माझी कॉलर खाल्ली! अगं, रिमोट दे, रिमोट दे!”

आणि दारावरची घंटा वाजली. मेट्रनबाई अर्धा तास आधीच हजर! सोबत इस्पितळाचे स्टोअरकीपर. हा गृहस्थ असा, की कुठलंही बटण दिसलं तर ते कशाचं आहे हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नसे.

काजवाली आणि बटणवाली लगबगीनं पुढे आपल्या जागेवर गेल्या. पाहुणे खुर्च्यांवर बसले. मेट्रनबाईंनी चष्मा लावून टीव्हीकडे पाहिलं. पाहतच राहिल्या. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

“बाई, ते जरा, म्हणजे तांत्रिक...”

“मास्तर!” मेट्रनबाई म्हणाल्या. “कॉलर नाही?”

“तेच सांगतोय, ती...”

“अहो, किती बरं केलंत! मी घाबरत घाबरत आले होते. म्हटलं, कॉलरमास्तरांना कसं सांगायचं, की कॉलर नको! त्या फॅशनवाल्याचीसुद्धा कॉलर, आधीच्या शिंप्याचीसुद्धा कॉलर. सव्वीस वर्षं माझ्या मानेला काच पडतोय. वाकून इंजेक्शन द्यायचं, पेशंटला उचलायचं, आणि गळ्याला ही फळी! आमच्या निम्म्या मुली मानेला मलम लावून ड्युटीवर येतात. तुमच्याइतक्या मोठ्या माणसानं आपणहून कॉलर सोडली, याला मोठं मन लागतं हो!”

स्तुती चालली होती हे नक्की, पण ती आपली की आणखी कुणाची, हे मास्तरांना कळेना.

“आणि रंग!” मेट्रनबाई पुढे सरकल्या. “डोळ्यांना काय गार वाटतंय! नेहमीच्या पांढऱ्यानं जीव विटलाय. हाच रंग हवा. अगदी हाच.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “तो बाहीजवळचा हात कुणाचा आहे?”

“माझा,” मास्तरीणबाई म्हणाल्या.

“आधी रक्त तपासून घ्या. उद्याच या. माझ्या नावानं केसपेपर काढा.”

बाईंनी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

“फोटो ठीक आहे,” स्टोअरकीपर म्हणाले, “पण शिवलेला नमुना बघू द्या की. हातात घेतल्याशिवाय शेरा मारायचा नाही, असा आमचा नियम आहे.”

शिवलेला नमुना! तो मागच्या खोलीत पुतळ्यावर चढलेला होता. गळ्याशी बकरमची कॉलर अशी ताठ, की सलामी द्यावी! मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोनं मास्तरांकडे पाहिलं. पस्तीस वर्षांच्या संसारात त्यांना एकमेकांचं म्हणणं बहुतेक वेळा बोलूनही कळत नसे, पण आज न बोलता कळलं.

“आणते,” बाई म्हणाल्या. “इस्त्री फिरवून आणते. पाच मिनिटं.” आणि जाता जाता कात्री घेऊन गेल्या.

आता मास्तरांना पाच मिनिटं काढायची होती. त्यांनी चहाचं विचारलं, नको म्हणाले. हवेबद्दल बोलले, तेही संपलं. मागच्या खोलीतून आवाज आला. टर्रर्र!

मास्तरांच्या अंगावर काटा आला. ती टीप त्यांनी स्वतः मारली होती, दोनदा. ती सहजासहजी उसवणारी नव्हती.

“उंदीर आहेत का?” स्टोअरकीपरनी विचारलं.

“हो. मोठे आहेत.”

टर्रर्र!

“कापडाच्या घरात उंदीर म्हणजे वाईटच,” म्हणत स्टोअरकीपरनी सहज रिमोट उचलला. “हे चित्र जरा कापलं जातंय का हो? खालची पट्टी दिसत नाही. थांबा, इथे ‘ऑटो’ लिहिलंय...”

“नको!” मास्तर इतक्या जोरात ओरडले, की मेट्रनबाईंचा चष्मा नाकावरून घसरला. दुपारभर ज्या बटणासाठी मास्तर तडफडले, ते या माणसाला बसल्या जागी सापडलं होतं! “म्हणजे, असंच बरं आहे! कापलेलंच चांगलं दिसतं!”

पण बटण दाबून झालं होतं. टीव्ही क्षणभर थरथरला, चित्र आक्रसलं, खालून पट्टी वर आली आणि वरून, हळूहळू, ताठ मानेनं, कॉलर खाली उतरू लागली. मास्तरांनी झेप घेतली. ते टीव्हीपुढे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही हात पसरून त्यांनी पडद्याचा वरचा काठ झाकायचा प्रयत्न केला. पण मास्तर उंचीनं बेताचेच. त्यांच्या डोक्यावरून कॉलर दिसतच राहिली.

“हे काय?” मेट्रनबाईंचा आवाज बदलला. “कॉलर आहे की!”

मागच्या खोलीत कात्री चालत होती. पुढच्या दुकानात काजवालीचं मशीन थांबलं होतं. ती कान देऊन ऐकत असणार, हे मास्तरांना माहीत होतं. त्यांनी वळून आपल्या कॉलरकडे एकदा पाहिलं. इतकी मोठी ती त्यांनी कधीच पाहिली नव्हती. एक टाका इकडचा तिकडे नाही! अभिमानानं ऊर भरून यावा अशी ती वेळ, आणि ते म्हणाले,

“ही? हा जुना नमुना. लोक अजूनही असलं काहीतरी शिवतात, ते दाखवायला ठेवलाय.”

“असं होय! दोन फोटो होते तर! मला वाटलं, तोच.”

तेवढ्यात मास्तरीणबाई नमुना घेऊन आल्या. केसांत दोरे, खांद्यावर बकरमची पूड, श्वास चढलेला. गणवेशाचा गळा साफ मोकळा! घाईघाईत आत दुमडून हातटिपेनं बसवलेला. मेट्रनबाईंनी त्यावरून बोट फिरवलं, तो आपल्या मानेपाशी धरला, मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली.

“अहाहा,” त्या म्हणाल्या. “पण हा पांढरा कसा?”

“कच्चा नमुना पांढऱ्यातच शिवतात,” मास्तर म्हणाले. एकदा खोटं बोलायला बसलं की पुढचं आपोआप सुचत जातं.

“ठीक. एकशे वीस नग द्या. पण रंग तो टीव्हीतलाच. त्यात जरा जरी फरक पडला तरी परत घ्यावे लागतील, आत्ताच सांगते!”

पाहुणे गेले. काजवाली आणि बटणवाली आत आल्या, तेव्हा एकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि दुसरी ते आपल्याला दिसलंच नाही असं दाखवत होती. दोघींचं काम टिकलं होतं. मास्तर मात्र मागच्या खोलीत जाऊन जमिनीवर पडलेली कॉलर उचलून उभे होते.

“वाईट वाटलं?” बायकोनं विचारलं.

“वाटणारच की गं. आपल्याच हातचं होतं.” मग कॉलरची टीप अंगठ्यानं चाचपत म्हणाले, “टीप मात्र पक्की होती, नाही?”

“नखं तुटली माझी,” बाई म्हणाल्या, आणि मास्तरांना जरा बरं वाटलं.

पण आता रंगाचं काय? कसला रंग म्हणून सांगायचा? मास्तरांनी फोननं टीव्हीचा फोटो काढला, तर त्यात तिसराच रंग आला. बाई म्हणाल्या शेवाळी, मास्तर म्हणाले आकाशी. काजवाली मोरपिशी म्हणाली, तर बटणवालीनं मोरपिशी असा नसतोच म्हणून तिच्याशी भांडण काढलं. शेवटी मास्तरांनी शिंप्याच्या धंद्याचा साधा नियम लावला. रंग जुळवायचा असेल तर नमुना बरोबर न्यावा.

शुक्रवारी सकाळी कापडाच्या ठोक व्यापाऱ्यानं दुकान उघडलं, तर समोर हातगाडी. तिच्यावर टीव्ही, कॉम्प्युटर आणि वायरींचं भेंडोळं. गाडी मास्तर ओढतायत आणि मागून मास्तरीणबाई टीव्हीला धरून चालतायत.

“मास्तर, लोक नमुन्याला चिंधी आणतात,” व्यापारी म्हणाला. “तुम्ही भिंतच आणलीत!”

टीव्ही गल्ल्याशेजारी टेकवला. इथे पाठ मोकळी होती, म्हणून व्यापाऱ्यानं स्वतःच वायर लावली, अगदी खटकन आत. पहिल्याच झटक्यात चित्र आलं! स्वच्छ, सरळ. आणि गणवेश दुधी पांढरा!

“हा होय रंग? याचे गठ्ठे पडलेत माझ्याकडे.”

“हा नव्हे!” मास्तर किंचाळले. “तुम्ही नीट लावलंत! नीट लावू नका! अर्धं काढा!”

व्यापाऱ्यानं मास्तरांच्या बायकोकडे पाहिलं. तिनं ‘काढा, काढा’ अशी मान हलवली. बिचाऱ्यानं निळं डोकं हळूहळू बाहेर ओढलं. गणवेश पिवळा झाला, मग जांभळा झाला, एकदा दिसेनासा झाला, आणि एकाएकी ते तळ्याचं पाणी पडद्यावर पसरलं.

“हाच! हाच! हलू नका!” मास्तर ओरडले. व्यापारी ओणवा झालेला, हात टीव्हीच्या पाठीत, श्वाससुद्धा बेतानं घेतोय. मास्तरीणबाई फळीवरून तागे ओढून टीव्हीला लावून बघतायत. गिऱ्हाइकं जमली, त्यांनीही ताग्यांना हात लावला. बाविसावा तागा लावला आणि तो टीव्हीत जणू विरघळला. गेली सहा वर्षं व्यापाऱ्याकडे तो पडून होता, कारण असला आजारी रंग कुणी फुकटसुद्धा नेत नव्हतं!

“सगळा माल तुम्हीच न्या,” व्यापारी गदगदून म्हणाला आणि त्यानं वायर सोडली. ती सैल होऊन लोंबली, तशी त्यानं सवयीनं नीट आत दाबली. चित्र पुन्हा स्वच्छ झालं. कंबर चोळत तो समोर आला, आणि पहिल्यांदाच त्यानं गणवेश नीट पाहिला. पाहता पाहता त्याचा चेहरा बदलला.

“मास्तर,” तो हळूच म्हणाला, “कॉलर काय शिवलीय हो! अशी कॉलर आता कुठे बघायला मिळते? एकशे वीस जणी ही घालून निघतील तेव्हा...”

“नाही घालणार,” मास्तर म्हणाले. “कॉलर काढून टाकलीय.”

“ही कॉलर? ही काढली? का हो?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. टीव्हीवरच्या आपल्या कॉलरकडे पाहिलं. मग टीव्ही गाडीवर चढवण्यासाठी त्याची वायर उपटत ते म्हणाले,

“टीव्हीत मावली नाही.”